धाकटीचा पगार

माझी बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी आहे आणि मला ताई म्हणते. पण लहानपणापासून माझ्या वाट्याचं बोलायची तीच. दुकानात वस्तू ती मागायची, रिक्षा ती थांबवायची, आणि पाहुणे आले की मी आतल्या खोलीत दार लावून का बसलेय हेही तीच सांगायची. सिडकोत आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा देवगाव रंगारीची शेती भावांवर सोपवून वाळूजच्या एका कारखान्यात लागलेले. आई घरीच. चौघांत कुणाशी काय बोलायचं हे तिघांना आपोआप कळायचं, आणि मी त्यांच्या तोंडांकडं बघत बसायचे.

मी चोवीस वर्षांची असताना जालना रोडवरच्या एका फायनान्स कंपनीत कारकुनाची जागा निघाली. वनस्पतिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले होते, मार्क चांगले होते आणि तीन वर्षं घरी बसून होते. मला एकटीनं शेअर रिक्षात बसता यायचं नाही. शेजारच्या माणसाची मांडी माझ्या मांडीला लागली की मला उतरावंच लागायचं. म्हणून धाकटी सोबत आली. ती माझ्या आणि बाकीच्यांच्या मध्ये बसली.

मुलाखतीला आत तीन साहेब होते. पंखा कुरकुरत होता आणि मला त्याच्याशिवाय दुसरं काही नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमच्यातले दोष सांगा. मी सांगायला लागले. पाच झाल्यावर मधल्या साहेबांनी हात वर केला, पण माझे सात होते, म्हणून उरलेले दोन सांगून मगच थांबले.

बाहेर आले तर धाकटी समोरच्या टेबलावरच्या बाईंशी बोलत होती. त्या बाईंची मुलगी दहावीला आहे, गणितात कच्ची आहे, हे एवढ्या वेळात तिला कळलं होतं. मधले साहेब कशाला तरी बाहेर आले, दारात उभे राहून त्यांनी तिचं बोलणं जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, तुम्ही काय करता? ती नुकतीच बी.कॉम. झाली होती. ते म्हणाले, बायोडेटा देऊन ठेवा.

परत येताना रिक्षात ती पुन्हा मध्ये बसली. मग म्हणाली, “ताई, देऊ का मी? तू नको म्हणालीस तर नाही देणार.”

मी विचार केला. ती जागा मला मिळाली नव्हती आणि मिळणारही नव्हती. मग नको म्हणायला माझ्याकडं कारण काय होतं?

“दे,” मी म्हणाले.

कारण नसतानाही माणसं नको म्हणतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

तिला नोकरी लागली. बाबांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले आणि बाथरूममध्ये गेले. रडण्याचा आवाज झाकावा म्हणून नळ सोडला, तर तो पाणी यायचा दिवस नव्हता. नळातून नुसती हवा आली. बाहेर सगळे गप्प झाले आणि त्यांनी माझं रडणं ऐकलं.

पुढं एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, तुम्हाला स्वतःच्या भावना ओळखता येतात का. सगळ्या येत नाहीत. भूक आणि भीती यांत माझी अजूनही गल्लत होते. पण जळणं मला ओळखता येतं. ते बेंबीच्या वर चार बोटांवर असतं आणि मी ते बोट ठेवून दाखवू शकते. धाकटीची स्कुटी फाटकाशी थांबल्याचा आवाज आला की ते तिथं सुरू व्हायचं. पहिल्या पगारात तिनं आईला साडी घेतली, बाबांना घड्याळ घेतलं आणि मला हातखर्चाला पैसे दिले. मग दर महिन्याला देत राहिली. मी ते घ्यायचे आणि थँक यू म्हणायचे, कारण तसं म्हणायचं असतं. टँकर मागवायचा का, गावी कुणाच्या लग्नाला किती आहेर करायचा, हे बाबा आता तिला विचारायचे. मीही तिथंच बसलेली असायचे.

एकदा मी तिच्या गाडीची चावी तांदळाच्या डब्यात घातली. महिनाअखेर होती आणि तिला लवकर पोचायचं होतं. अर्धा तास घरभर शोधाशोध झाली. ती रडकुंडीला आली तेव्हा मीच जाऊन चावी काढून दिली. आई म्हणाली, बघ, ताईलाच सापडली. धाकटी हातातल्या चावीवरचे तांदळाचे दाणे बघत राहिली, मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती निघून गेली. त्या महिन्यातही तिनं मला पैसे दिले. ते घेताना मला सगळ्यात जास्त राग आला.

मला ऑटिझम आहे हेही तिनंच शोधून काढलं. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या मुलाला होता. त्यांचं ऐकून तिनं जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचलं, घरी येऊन मला प्रश्न विचारले आणि डॉक्टरांची वेळ घेतली. फीही तिनं भरली. डॉक्टरांनी दोन-तीनदा बोलावलं, आईला माझ्या लहानपणाचं विचारलं आणि शेवटी बाबांना समजेल असा मराठी शब्द सांगितला, स्वमग्नता. बाबांनी विचारलं, म्हणजे हिचं आता कायम असंच का? डॉक्टर म्हणाले, पहिल्यापासून असंच आहे, तुम्हाला आज कळलं एवढंच.

मला हलकं वाटलं. ज्यांना मी सात दोष म्हणत होते ते एकच काहीतरी होतं आणि त्याला नाव होतं. फक्त तो मराठी शब्द मला पटला नाही. मी स्वतःत मग्न नव्हतेच. त्या वर्षांत मी चोवीस तास धाकटीत मग्न होते. आणि हलकं वाटत असतानाही तेच चाललं होतं. मला सत्तावीस वर्षांत जे कळलं नाही ते तिला डबा खाता खाता कळलं होतं.

त्यानंतर घरात माझा प्रश्न सुटल्यासारखा झाला. एका संध्याकाळी जेवताना बाबा धाकटीला म्हणाले, “आम्ही हाय तवर आम्ही बघू. मग हिच्याकडं तूच बघायचं.” ती हो म्हणाली. लगेच म्हणाली, भाजी वाढून घेताना. मी समोर बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तिला बघायला पुण्याहून पाहुणे येणार होते. त्या रविवारी मला कन्नडला मावशीकडं पाठवलं. आई म्हणाली, मावशीला बरं नाही. मी एसटीनं गेले. खिडकीची जागा मिळाली तर एसटी मला जमते. मावशी अंगणात कपडे धूत होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. मला बघून ती आधी गोंधळली, मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं माझ्यापुढं इतके शेंगदाण्याचे लाडू ठेवले की माझ्याही लक्षात आलं.

दुपारी ओसरीवर काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, मक्याच्या बियाण्याच्या पिशव्या आणून ठेवल्या. मी लेबल वाचायला लागले. मला कुठलंही लेबल पूर्ण वाचावं लागतं. लॉट नंबर होता, तारीख होती आणि उगवणशक्तीचे टक्के छापले होते.

“हे टक्के कोण ठरवतं?” मी विचारलं.

“लॅबमधी उगवून बघत्यात की,” काका म्हणाले. “दाणे मोजून ठिवायचे, आन किती उगवले ते मोजायचं. तिकडं तुमच्या औरंगाबादलाच हायेत कंपन्या. बसत असंल कुणीतरी मोजत.”

“दिवसभर?”

“व्हय. त्याचाच पगार असतोय त्याला.”

परतीच्या बसमध्ये मी त्या माणसाचा विचार करत होते. कुठंतरी एक खुर्ची आहे, तिच्यावर कुणीतरी दिवसभर दाणे मोजत बसलंय आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. कधी न पाहिलेल्या त्या माणसावर मी कन्नडपासून सिडकोपर्यंत जळत आले. धाकटीचं लग्न ठरल्याचं घरी आल्यावर कळलं, पण त्या रात्री तरी माझ्या डोक्यात दाणेच होते.

बोलायचं मला जमत नाही, लिहायचं जमतं. मी बियाण्यांच्या नऊ कंपन्यांना ई-मेल लिहिला. मला ऑटिझम आहे, मुलाखतीत मी नापास होते, पण मोजण्यात होणार नाही, म्हणून माझी परीक्षा मोजायला देऊन घ्यावी, असं लिहिलं. आठ कंपन्यांकडून काही आलं नाही. नववीकडून एका ओळीचं उत्तर आलं, सोमवारी दहाला या. घरी मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धाकटी सोबत आली असती.

कंपनी चिकलठाणा एमआयडीसीत होती. मी सिडकोहून चालत गेले. लॅबच्या प्रमुख मॅडम चष्मा कपाळावर चढवून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलंही नाही. ज्वारीचा एक ट्रे पुढं ढकलला, चिमटा दिला आणि म्हणाल्या, यात दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळलेत, वेगळे काढा. त्या जेवून आल्या तेव्हा मी काढलेल्या दाण्यांत असे दोन होते, जे त्यांनी मिसळलेले नव्हते. मूळ नमुन्यातच आले होते. त्यांनी भिंगाखाली ते बराच वेळ पाहिले आणि विचारलं, उद्यापासून येता का.

काम असं असतं. ओल्या कागदावर दाणे ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबेच्या कपाटात ठेवायची, आणि ठरलेल्या दिवशी उलगडून मोजायचं. चांगली रोपं, बिघडलेली रोपं आणि न उगवलेले दाणे. बिघडलेल्यांना आमच्यात अ‍ॅबनॉर्मल म्हणतात. पहिल्या दिवशी तो शब्द सांगताना मॅडम अडखळल्या. मी म्हणाले, रोपांचंच चाललंय ना. त्या म्हणाल्या, हो, रोपांचंच, आणि पुढं शिकवायला लागल्या. मॅडम प्रेमळ वगैरे नव्हत्या. पण मी मोजलेलं दुसऱ्यांदा मोजावं लागत नाही हे त्यांना कळलं होतं. ट्यूबलाइटच्या आवाजाचं मी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरची ट्यूब बदलली होती. पहिलं वर्ष रोजंदारी होती, मग मी पगारावर लागले.

मधल्या काळात धाकटीचं लग्न झालं. नवरा पुण्याचा, नोकरीवाला. तिच्या कंपनीनं पुण्याला बदली दिली नाही, म्हणून तिनं नोकरी सोडली. बँडच्या आवाजामुळं मी मंगल कार्यालयातल्या एका खोलीत बसले होते. निघताना ती तिथं आली आणि मला मिठी मारली. मला मिठी चालत नाही हे तिला माहीत होतं, तरी मारली, आणि मी ती संपेपर्यंत उभी राहिले. आता ती लांब जाणार, म्हणजे माझं जळणं थांबेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आता ते फोनवरून यायला लागलं. रविवारी सकाळी तिचा फोन आला की आई-बाबा दोघंही एका फोनला कान लावून हसायचे.

माझा पगार बाबांच्या आणि माझ्या नावाच्या खात्यात जमा व्हायचा. कार्ड बाबांच्या कपाटात असायचं. त्यांनी त्यातला एक पैसाही स्वतःसाठी घेतला नाही, हे मी आधीच सांगते. पण मला काही हवं असलं तर मागावं लागायचं, आणि मागितलं की कशाला हे सांगावं लागायचं. रस्त्यावरच्या हॉर्नसाठी मला चांगले हेडफोन घ्यायचे होते. मी चार वेळा मागितलं. बाबा म्हणायचे, एवढे महाग कशाला, कापूस घाल कानात. मग एका रविवारी आईनं हे धाकटीला सांगितलं, ती फोनवर बाबांशी दोन मिनिटं बोलली, आणि संध्याकाळी बाबांनी कार्ड माझ्या हातात ठेवलं. पैसे माझे, कान माझे, आणि ते मला मिळाले तिच्या शब्दानं.

हेडफोन मी घेतले नाहीत. मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून बँकेत गेले.

काउंटरवरच्या माणसानं फॉर्म बघून विचारलं, “सोबत काय आणलंय?” मी आधार आणि पॅन पुढं केलं. मग तो म्हणाला, “तसं नाही, घरचं कुणी आलंय का?”

“नाही,” मी म्हणाले. “खातं एकटीचं उघडायचंय.”

त्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, पण फॉर्म घेतला. पुढच्या महिन्यापासून पगार नव्या खात्यात जायला लागला, आणि जुन्या खात्यात आला नाही तेव्हा बाबांना कळलं.

“मला चोर समजती का गं तू?” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

“नाही. तुम्ही चोर नाही,” मी म्हणाले. “पण पैसे माझे आहेत.”

ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी दर एक तारखेला घरखर्चाचा माझा हिस्सा आईच्या हातात द्यायला लागले. पहिल्यांदा दिला तेव्हा तिनं तो देवापुढं ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, असं धाकटीसुद्धा द्यायची. मला तेवढंही ऐकायचं नव्हतं.

दोन वर्षांनी मी खोली बघितली, मुकुंदवाडीत, लॅबपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आई म्हणाली, घर असताना मुलगी वेगळी राहते, लोक काय म्हणतील. मी तिला विचारलं, “धाकटीला लग्न करून घर मिळालं. मी लग्न करणार नाही. मग मी घर कसं मिळवायचं?” मला खरंच उत्तर हवं होतं. सामान नेलं त्या दिवशी बाबा न सांगता आले. गॅसची टाकी त्यांनी जिन्यावरून वर चढवली, दाराची कडी दोनदा लावून पाहिली आणि म्हणाले, “कडी चांगली हाय.” आमचं त्या दिवशीचं बोलणं एवढंच.

घरमालकीण काकू निवृत्त नर्स होत्या, खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांच्या बैठकीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता आणि बाकी भिंत मोकळी होती, म्हणून मला ती खोली आवडली. त्यांनी विचारलं, येणारं-जाणारं कोण? मी म्हणाले, कोणी नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं. पाणी आठवड्यातून एकदाच यायचं आणि ते भरायला घरी असावं लागायचं. दुसऱ्याच आठवड्यात वेळ बदलली. मी लॅबमध्ये होते आणि माझी टाकी कोरडी राहिली. खाली जाऊन मागणं मला जमेना. दोन दिवस मी बाटलीच्या पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी काकूंनीच मला जिन्यावर अडवलं, तुमच्या मोरीचं पाणी खाली कसं येत नाही, म्हणून विचारलं आणि दोन बादल्या वर पाठवल्या. मी एकटी राहते असं मी सांगते, तेव्हा त्या दोन बादल्याही त्यात धरते.

गेल्या दिवाळीत धाकटी माहेरी आली आणि माझी खोली बघायला एकटीच आली. खोलीत एकच खुर्ची होती. तिनं खाली बसून सगळीकडं बघितलं. एक ताट, दोन वाट्या, भिंतीवर पाण्याच्या दिवसांचा कागद. तिच्या सासरचं पुण्याचं घर मी पाहिलं होतं. तिथं बाल्कनी होती, झोपाळा होता, आणि तो पाहून आल्यावर मी आठवडाभर नीट जेवले नव्हते.

“ताई,” ती म्हणाली, “तुझा पगार कुठं जातो, कुणी विचारतं?”

“नाही.”

“मला ओढणी घेतली तरी विचारतात. वाईट बोलत नाहीत गं. फक्त विचारतात.” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुझं बघून मला कसंतरीच होतंय.”

मी तिला विचारलं, कुठं होतंय. तिनं हात पोटावर ठेवला. बेंबीच्या जरा वर.

मला आनंद झाला. दुसरं काही झालं म्हणून लिहिलं तर ते खोटं होईल. तीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर जळत होती, आणि मला ते मिठाईसारखं पुरवून पुरवून खावंसं वाटलं. मी तिला सांगूनच टाकलं. “मी तुझ्यावर रोज जळते. त्या बायोडेटापासून.”

“माहितीये मला,” ती म्हणाली.

“मग तू काही बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? नोकरी तर मी घेतलीच होती ना.”

तेवढ्यात काकू चकल्या घेऊन वर आल्या. दहा मिनिटांत त्या धाकटीला त्यांच्या गुडघ्यांचं, नाशिकच्या मुलाचं आणि न झालेल्या सुनेचं सांगत होत्या. मी तिथं आठ महिने राहत होते आणि मला त्यांना मुलगा आहे एवढंसुद्धा माहीत नव्हतं. माझा आनंद संपला आणि पोटातलं ते पुन्हा जागेवर आलं.

काकू गेल्यावर धाकटीनं हळूच विचारलं, एकटीच्या नावानं खातं उघडायला काय काय लागतं. तिनं फायनान्स कंपनीत चार वर्षं काढली होती, कागदपत्रं तिला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. तरी मी सगळं सांगितलं. ती दुसरं काहीतरी विचारतेय हे मला उशिरा कळलं, म्हणून शेवटी हेही सांगितलं की बाबा आठ दिवस बोलले नव्हते, नवव्या दिवशी बोलले. तिनं मान डोलावली. दोन दिवस राहू का म्हणाली. मी म्हणाले, दोन दिवस रहा, तिसऱ्या दिवशी मला खोली लागेल. ती राहिली. चटईवर झोपली, दुपारीसुद्धा झोपली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आपणहून गेली.

गेल्या महिन्यात तिला पुण्यात नोकरी लागली. पगार तिच्या एकटीच्या खात्यात जातो. सासरी सुरुवातीला अबोला झाला, आता नाही. हे तिनं आई-बाबांच्या आधी मला कळवलं. पगार किती, हे मी विचारलं आणि तिनं सांगितलं. माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. मी अभिनंदन म्हणाले आणि मग दोन दिवस तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला.